जागे राहण्याची अट

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा गडचांदुरातल्या आमच्या लहानशा अभ्यासमंडळाच्या जुन्या संगणकाचे काय करावे हा प्रश्न निव्वळ यांत्रिक नव्हता. त्यावर कोलामी शब्दांची, म्हणींची नोंद व्हायची होती. कोरपना-जिवतीकडे बोलली जाणारी ही द्राविड कुळातली भाषा. एमेनो यांचा तिच्यावरचा ग्रंथ १९५५ सालचा, तोही वर्ध्याकडच्या रूपावर आधारलेला. आम्हांस शब्द सांगणाऱ्या वृद्धा मोजक्याच. नव्या यंत्रासाठी पैसे जमेपर्यंत थांबण्याइतका अवकाश त्यांच्यापाशी नाही.

म्हणून लिनक्स. पण स्थापना सुरू केली की पडदा थिजे. माऊसचा बाण हलेना, कॅप्स लॉकचा दिवाही दाद देईना. गडचांदुरात पहिला संशय सिमेंटच्या धुळीवर जातो, आणि तो वावगा नाही. पंखा स्वच्छ केला, मेमरी रात्रभर तपासली. दोष सापडला नाही. मग एक गोष्ट ध्यानात आली. फायली उतरत असताना यंत्र अडकत नसे. भाषा निवडण्याच्या पानावर, आमच्या उत्तराची वाट पाहताना अडके. म्हणजे ते श्रमाने नव्हे, विश्रांतीने मरत होते!

काम नसले की प्रोसेसर टप्प्याटप्प्याने निजतो. या टप्प्यांना सी-स्टेट म्हणतात: सी१ ही डुलकी, सी६ ही गाढ झोप, जीत गाभ्याचा वीजपुरवठा जवळजवळ तोडला जातो. २०१३-१४ च्या सुमाराच्या काही स्वस्त, अल्पवीज प्रोसेसरांवर या झोपेच्या ये-जा करण्यात लिनक्स गोठते, ही तक्रार २०१५ पासून कर्नेलच्या दोषनोंदीत आहे. पुष्कळ जण आधी 'नोमोडसेट' लावून पाहतात. ते चित्राच्या दोषासाठी, या रोगावर त्याचा उपयोग नाही. इथे आरंभीच्या यादीत 'ई' दाबून, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, 'मॅक्स_सीस्टेट=१' असे शेपूट असलेली सूचना जोडावी व एफ१० दाबावे. स्थापनेनंतर तीच सूचना ग्रबच्या कायमच्या नोंदीत घालावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी यंत्र पुन्हा गाढ झोपू लागते.

डुलकीपलीकडे झोपू न दिलेले यंत्र वीज अधिक खाते आणि तापते. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसापुढे असताना, ही किंमत लहान नव्हे. आम्ही टंकलेखन सकाळीच उरकतो. यंत्र आता दिवसभर चालते. कोलामीतला दीर्घ एकार देवनागरीत कसा दाखवावा, यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही.