संतापाला कारण हवे

अमेरिकेतील एका रॉक बँडच्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर एका बौद्ध भिक्खूचे छायाचित्र आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? भिक्खू पद्मासनात बसलेले आहेत. अंगाभोवती ज्वाळा आहेत, पण देह ताठ आहे. हेच चित्र आज टी-शर्टवर छापून विकले जाते आणि आपल्या वस्त्यांतील कॉलेजची मुलेही तो टी-शर्ट हौसेने घालतात.

आमच्या घरात असा एक टी-शर्ट आला आणि त्याच्या पाठोपाठ त्या बँडचे गाणेही आले. गाण्यात इंग्रजी शिवी, तीही एकदा नव्हे, सतरा वेळा! घरात दोन तट पडले. आजी म्हणाली, "रोज पंचशील घेणाऱ्या घरात असले बोल कशाला?" नातू म्हणाला, "आजी, ते कशासाठी चिडलेत ते तर आधी ऐक." मधल्या पिढीचे आम्ही दोघांच्या मध्ये सापडलो. मग ठरवले, आधी माहिती घ्यायची, मत नंतर द्यायचे. जी माहिती मिळाली ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम त्या छायाचित्राविषयी. त्यातील भिक्खू म्हणजे व्हिएतनामचे थिक क्वांग डुक. १९६३ साली दक्षिण व्हिएतनाममध्ये न्गो दिन्ह दिएम यांची राजवट होती. बहुसंख्य प्रजा बौद्ध, पण सत्तेची मर्जी कॅथलिकांवर. त्या वर्षी वैशाख पौर्णिमेला ह्युए शहरात बौद्ध ध्वज लावण्यास बंदी करण्यात आली. हा ध्वज म्हणजे १८८५ साली सिलोनमध्ये प्रथम फडकलेला आणि आज आपल्या विहारांवर दिसतो तोच. बंदीचा निषेध करणाऱ्या जमावावर ८ मे रोजी सरकारी दलांनी बळ वापरले आणि आठ-नऊ निष्पाप जीव गेले. बौद्धांनी धर्मसमानतेच्या मागण्या केल्या, त्या मान्य झाल्या नाहीत. ११ जून १९६३ रोजी सायगावच्या भर चौकात साठी ओलांडलेल्या या भिक्खूंनी स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले. माल्कम ब्राऊन या वार्ताहराने ते दृश्य टिपले आणि दिएम सरकारचा अन्याय जगाला दिसला. हे उदाहरण अनुकरणासाठी नव्हे. आपल्या धम्मात जीवन मोलाचे आहे आणि आपल्या लढ्यांना जिवंत माणसे हवी आहेत. पण ज्याच्या अंगावर ते चित्र आहे त्याला त्याचा अर्थ माहीत असलाच पाहिजे.

आता ते गाणे. बँडचे नाव 'रेज अगेन्स्ट द मशीन', म्हणजे यंत्रणेविरुद्धचा संताप. १९९१ साली लॉस एंजेलिस शहरात चार तरुणांनी तो सुरू केला. गायक झॅक डे ला रोचा हा मेक्सिकन वंशाच्या चित्रकाराचा मुलगा. त्याचे वडील चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, चळवळीतील 'लॉस फोर' या कलावंत गटात होते. गिटारवादक टॉम मोरेलो याचे वडील केनियाचे मुत्सद्दी आणि आई गोरी अमेरिकन शिक्षिका. आईनेच त्याला एका गोऱ्या वस्तीच्या गावात वाढवले. आपण तेरा वर्षांचे असताना कोणीतरी घराच्या गॅरेजमध्ये फास टांगून ठेवला होता, असे तो सांगतो. पुढे हा मुलगा हार्वर्डमधून १९८६ साली पदवीधर झाला. शिक्षण घेतले, पण फास विसरला नाही. ही गोष्ट आपल्या घरांना परकी वाटू नये.

टिम कमरफर्ड आणि ब्रॅड विल्क हे उरलेले दोन साथीदार. मोरेलो तेव्हा गिटारच्या शिकवण्या करीत असे. अशाच एका शिकवणीत, गिटारची सर्वांत जाड तार नेहमीपेक्षा खाली उतरवून वाजवताना त्याला एक धून सुचली. ती विसरू नये म्हणून त्याने लगेच कॅसेटवर टिपून घेतली. त्या धुनेतून 'किलिंग इन द नेम' हे गाणे उभे राहिले. १९९१ सालीच चौघांनी स्वतः बारा गाण्यांची कॅसेट काढली आणि कार्यक्रमांत पाच-पाच डॉलरला विकली. त्यात हे गाणे होते.

हे वर्ष लक्षात ठेवावे. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या इसमाला रस्त्यावर पाडून दंडुक्यांनी पन्नासहून अधिक फटके मारले होते. समोरच्या घरातील एका रहिवाशाने ते व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपले आणि साऱ्या देशाने ते पाहिले. तरी २९ एप्रिल १९९२ रोजी ज्यूरीने चारही पोलिसांना जवळजवळ सर्व आरोपांतून मोकळे केले. त्या ज्यूरीत एकही काळा माणूस नव्हता. शहर पेटले, साठांहून अधिक माणसे मेली. पुढे १९९३ साली केंद्रीय न्यायालयात त्यांपैकी दोघांना शिक्षा झाली. गाणे मात्र दंगलीच्या आधीचे आहे. म्हणजे दंगल पाहून कोणी चिडले नव्हते. संताप आधीच साचलेला होता, निकालाने फक्त झाकण उडाले.

गाण्याचे शब्द मोजकेच आहेत आणि ते पुन्हा पुन्हा येतात. आरोप असा, की वर्दी घालणाऱ्यांतले काही जण तेच आहेत जे क्रूस जाळतात. क्रूस जाळण्याचा संदर्भ क्लू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा आहे. काळ्यांना धमकावण्यासाठी हे लोक लाकडी क्रूस पेटवीत. येथे 'सगळे' म्हटलेले नाही, 'काही' म्हटले आहे, हे ध्यानात घ्यावे. आपल्याही समाजातील कितीतरी मुले पोलीस खात्यात इमानाने नोकरी करतात. बोट वर्दीकडे नाही, वर्दीच्या आत शिरलेल्या द्वेषाकडे आहे. आणि शेवटी येतो तो नकार. हुकूम पाळणार नाही, हे एकच वाक्य शिवीसह सोळा वेळा, आवाज चढवत चढवत.

नोव्हेंबर १९९२ मध्ये अल्बम आणि हे गाणे दोन्ही बाजारात आले. २१ फेब्रुवारी १९९३ रोजी बीबीसीच्या रेडिओ १ वर गाण्यांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमात चुकून शिव्यांसह मूळ गाणे वाजले आणि १३८ तक्रारी आल्या. तक्रारी शिवीबद्दल होत्या. ज्या मारहाणीच्या काळात गाणे जन्मले तिची चर्चा मागेच राहिली.

पुढे २००९ साली इंग्लंडमध्ये गंमतच झाली. तेथे नाताळच्या आठवड्यात कोणते गाणे पहिले येते याला मोठा मान असतो. चार वर्षे तो मान टीव्हीवरील एका गायनस्पर्धेच्या विजेत्यालाच मिळत होता. त्याला कंटाळून एका जोडप्याने लोकांना आवाहन केले, की यंदा सर्वांनी हे सतरा वर्षांपूर्वीचे गाणे विकत घ्यावे. आठवड्यात ५,०२,६७२ प्रती खपल्या आणि गाणे सुमारे पन्नास हजारांच्या फरकाने पहिले आले. मोहिमेतून बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' संस्थेला देणग्या मिळाल्या, आणि ६ जून २०१० रोजी बँडने लंडनमध्ये फुकट कार्यक्रम करून आभार मानले. चांगले झाले. पण दोन्ही गाण्यांचे हक्क सोनी या एकाच कंपनीच्या छत्राखाली होते! जिंकले कोणीही, गल्ला एकाच पेटीत.

आणि २०२०? त्या वर्षी जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर निदर्शकांनी पोलिसांसमोर याच गाण्याच्या घोषणा दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात फिलाडेल्फियात ट्रम्प यांचे समर्थक पोलीस-समर्थनाचे झेंडे घेऊन याच गाण्यावर नाचले. ठेका तोच, शब्द तेच, पण कारण गायब. कारण हरवले की कोणीही गाण्याचा मालक होतो.

येथे आम्ही थबकलो, कारण हा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. आणि पोलिसांच्या गोळीची वेदना गाणाऱ्याला कशी पोळते हेही आपण पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक जमले, गोळीबार झाला, दहा माणसे गेली. ते पाहून शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी आपले जीवन संपवले. असा डफ आपण गमावायला नको होता.

आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती लागतात. भीमगीतेच वाजतात, पण ठेक्याखाली शब्द ऐकू येत नाहीत. वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून जे पेरले, त्यावर पोरे नाचतात आणि वामनदादा कोण हे विचारले की गप्प होतात. पोरांना दोष देऊन भागणार नाही. त्यांना सांगायचे कोणी?

आमच्या घरापुरता निर्णय असा झाला. आजीने सारी हकिकत ऐकली आणि म्हणाली, "शिवी मला आवडत नाही, पण फास टांगणाऱ्याला काय ओव्या म्हणायच्या?" तरी गाणे विहाराच्या कर्ण्यावर लावू नये यावर तिचे आणि आमचे एकमत झाले. सम्यक वाचा ही विहाराची शिस्त आहे. नातवाने ते मानले, आणि रविवारी वंदनेनंतर थिक क्वांग डुक आणि रॉडनी किंग यांची माहिती त्यानेच मुलांना सांगितली. बारा-चौदा मुले हलली नाहीत.

बाबासाहेबांनीही नकारच दिला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा झाली. पण त्या नकाराला अभ्यास होता आणि पुढे जाण्याची दिशा होती. म्हणून १९५६ साली तो नकार नागपूरला धम्मदीक्षेत पूर्ण झाला. नुसता संताप भाड्याने मिळतो, आज याला, उद्या त्याला.

तेव्हा येत्या १४ एप्रिलला प्रत्येक वस्तीत एवढे तरी करावे. गाणे लावण्यापूर्वी एका मुलाने किंवा मुलीने माईक घ्यावा आणि ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशासाठी लिहिले हे दोन मिनिटांत सांगावे. मग खुशाल नाचावे. जयभीम!