गौरीचे हात

श्रावण सरत आला कीं, कुंभार्ली घाट उतरून चिपळुणाकडे जाणाऱ्या प्रवाशाची दृष्टि दरीवरून निघून रस्त्याकडेच्या जाळ्यांकडे वळते. करवंदीवर चढलेल्या एका वेलीला जणूं ज्वाळाच फुटलेल्या दिसतात. हीच कळलावी. संस्कृतांत हिला अग्निशिखा व लांगली अशीं नांवें आहेत. पहिलें फुलावरून पडलें, दुसरें नांगरासारख्या वांकड्या कंदावरून.

आम्हीं गाडी थांबवून हें फूल जवळून न्याहाळलें. लहरदार कडांच्या सहा पाकळ्या मागें वळून वर उभ्या राहिलेल्या. प्रथम हिरवट, मग बुडाशीं पिवळ्या व टोंकाशीं तांबड्या, आणि अखेर बहुतेक लाल. हे सारे रंग एकाच वेलीवर एके वेळीं पाहावयास मिळतात. पानांचीं टोंकें तणाव्यांसारखीं वळलेलीं असतात. त्यांच्याच आधारानें वेल वर चढते.

कोंकणांत या फुलांस 'गौरीचे हात' म्हणतात, व गौरीपूजनांत त्यांस मान आहे. परंतु दिवाणखान्यांतील फुलदाणींत आपण ठेवतों तो विकतचा ग्लॅडिओलस! इकडे परदेशांत हीच वेल कांचघरांत वाढवून तिचीं फुलें विकतात. झिंबाब्वेचें हें राष्ट्रपुष्प आहे, आणि तामिळनाडूचें राज्यपुष्प.

आमच्या वाचकभगिनींनीं पितळी लोटींत पानांसह दोनतीन देठ ठेवून पाहावे. दाटी करूं नये. या फुलाची शोभा त्याच्या आकारांत आहे. रोज पाणी बदलल्यास फुलें बरेच दिवस टिकतात.

दोन गोष्टींचें मात्र भान हवें. ही वनस्पति सर्वांगीं विषारी आहे, आणि कंद तर विशेषच. म्हणून ती मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, व देठ कापल्यावर हात धुवावे. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठीं कंद वापरण्याची जी जुनी चाल, जिच्यावरून 'कळलावी' हें नांव पडलें, ती तर सर्वथा टाळावी. यांतील कोल्चिसिन हें द्रव्य वातरक्तावर औषध म्हणून वापरतात, आणि त्याच्याच लोभानें रानांतील कंद खणून नेले जातात. कंद गेला कीं पुढल्या पावसाळ्यांत त्या जागीं कोंब येत नाहीं.

तेव्हां देठ कात्रीनें कापावा, वेल ओढूं नये, आणि कांहीं फुलें बीं धरण्यास वेलीवरच राहूं द्यावीं. गौर दरवर्षीं माहेरीं यावी असें आपणांस वाटतें. तिचे हातही यावे, तर त्यांचीं मुळें मातींतच राहिलीं पाहिजेत.