राऊटर घेताना खोक्याची मागची बाजू वाचा

दसरा-दिवाळीचे सेल लागले की ओळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. ‘घरासाठी एक चांगला राऊटर सांगा.’ मी नागपुरात नेटवर्किंगची कामं करतो. पूर्वी ती बहुतेक ऑफिसांची असायची, आता घरांची जास्त असतात. एखाद्या कंपनीचं नाव सांगून फोन ठेवता येतो, पण त्या उत्तराला काही अर्थ नाही. म्हणून मी उलट विचारतो. प्लॅन किती एमबीपीएसचा आहे? भिंती कशाच्या आहेत? लाईट गेल्यावर नेट चालू राहायला हवं का? वेगाबद्दल सगळेच भरभरून बोलतात. भरवशाबद्दल क्वचितच कोणी विचारतं, आणि घराघरातून येणारी तक्रार मात्र बहुतेक वेळा भरवशाचीच असते. मुलीची ऑनलाइन मुलाखत मध्येच तुटली, परदेशातल्या भावाचा चेहरा दर दोन मिनिटांनी गोठतो, रोज संध्याकाळी राऊटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. वेगाचा मोठा आकडा विकत घेऊन यातलं काहीच सुटत नाही.

तरी आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण दुकानात तोच पुढे केला जातो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘एसी १२००’ असतं. ही दोन रेडिओंची बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस. फोन एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे १२०० त्याच्या वाट्याला कधीच येत नाहीत. जे येतात त्यातलेही प्रत्यक्षात साधारण निम्मेच हाती लागतात. आता खोकं उलटं करा आणि बारीक अक्षरांतली पोर्टची ओळ शोधा. स्वस्तातल्या बऱ्याच एसी १२०० राऊटरवर तिथे ‘१०/१००’ छापलेलं असतं. म्हणजे तुम्ही ३०० चा प्लॅन घेतलात तरी तारेतून राऊटरमध्ये १०० च्या आतच शिरणार आणि उरलेल्याचे पैसे दर महिन्याला वाया जाणार. जिथे ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ लिहिलेलं नाही, तो राऊटर घेऊ नका.

पोर्ट गिगाबिट असूनही स्पीड टेस्ट ९३-९४ वरच अडत असेल तर मी आधी केबल बदलतो. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. प्लगमध्ये एखादी तार नीट दाबली गेली नसेल तर राऊटर कुठलीही सूचना न देता १०० वर उतरतो, आणि बिचाऱ्या नव्या राऊटरला दोष येतो.

वाय-फाय ६ चं मानक २०२१ मध्ये मंजूर झालं. आज नवा राऊटर घ्यायचा तर त्याच पिढीचा, गिगाबिट पोर्टवाला घ्यावा. तीन-चार हजारांत बरा मिळतो. वाय-फाय ७ साठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्याचं कारण मला बहुतेक घरांत दिसत नाही.

त्यापुढचा प्रश्न भिंतींचा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतीत लवकर अडकतो. २.४ अधिक लांब पोचतो, मात्र फ्लॅटमध्ये शेजारपाजारच्या सगळ्यांचे राऊटर त्याच पट्ट्यावर असतात आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच मिळतात, १, ६ आणि ११. नागपूरच्या जुन्या महाल भागात किंवा पुण्याच्या पेठांत दोन-दोन फूट जाडीच्या भिंती आहेत, कोकणात जांभ्याच्या. तिथे चार काय, आठ अँटेना लावल्या तरी मागच्या खोलीत रेंज येणार नाही. लोखंडी कपाट, भिंतीएवढा आरसा, पाण्याची टाकी, हे तर भिंतीपेक्षाही वाईट. आणि केबलवाला राऊटर बसवतो तो तार जिथून घरात शिरली तिथेच, दाराजवळच्या कोपऱ्यात नाहीतर टीव्हीच्या मागे. तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यावर आणला तर निम्म्या घरांना नवा राऊटर लागणारच नाही. रिपीटर मी शक्यतो सुचवत नाही. साधा रिपीटर ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. दूरच्या खोलीपर्यंत तार नेऊन तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट लावणं हाच पक्का उपाय.

विदर्भात राहणाऱ्याने सगळ्यात आधी बघावी अशी गोष्ट जाहिरातीत कुठेच नसते. घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात ‘कामाचं तापमान’ अशी एक ओळ असते आणि बहुतेकांत तिथे ० ते ४० अंश सेल्सियस लिहिलेलं असतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. वरच्या मजल्यावरच्या, कूलर नसलेल्या खोलीत, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राऊटर किती तापत असेल, ते हात लावून बघा. दुपारी नेट अडखळतं आणि रात्री आपोआप सुधारतं, यामागे अनेकदा हेच असतं. म्हणून मी खालीवर भरपूर जाळी असलेला, जरा मोठ्या अंगाचा राऊटर पसंत करतो. भिंतीवर टांगायची सोय असेल तर उत्तम. त्यावर क्रोशाचा रुमाल घालू नये, हे मी प्रत्येक घरात सांगतो.

राऊटरच्या आधी मरतो तो त्याचा अडॅप्टर. आतला कपॅसिटर उष्णतेने वाळत जातो. साधारण १० अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्याकडचा ढोबळ हिशेब. अडॅप्टर थकला तरी दिवा लागलेला राहतो, त्यामुळे शंका येत नाही. संध्याकाळी घरातले सगळे फोन जोडले गेले, राऊटरने जास्त वीज मागितली, की व्होल्टेज खाली येतं आणि राऊटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा वेळी तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावून बघावा. चार-पाचशे रुपयांत काम होतं आणि नवा राऊटर वाचतो.

आता लाईट जाण्याचं. फायबर सेवेत केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेवर बहुधा विजेवर चालणारं काहीच नसतं. म्हणजे अख्ख्या वस्तीची वीज गेली तरी तुमचा फायबरचा डबा आणि राऊटर चालू असतील तर नेट चालू राहतं. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या आणि दोन्ही डबे त्यावर जोडा. दोघांच्या अडॅप्टरवरचे अँपिअर मिळवून तेवढी क्षमता आहे का ते आधी बघा. अनेक जण एकट्या राऊटरला यूपीएस लावतात आणि फायबरचा डबा विसरतात. इमारतीत केबलवाल्याचा विजेवरचा स्विच असेल तर मात्र हा उपाय पुरत नाही, त्यालाही बॅटरी बसवायला सांगावं लागतं.

कॉल तुटण्याचं आणखी एक कारण फार कमी लोकांना माहीत आहे. घरात कोणाचा तरी फोन लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत असतो. वर जाणारा रस्ता भरतो, तिथे पॅकेटची लांब रांग लागते आणि तुमचा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. वेग भरपूर दिसतो, पण पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंदांवरून पाचशेवर जातो. यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची रीत मांडली. रांगेत पॅकेट किती वेळ थांबलं यावर ती लक्ष ठेवते. काही राऊटरमध्ये ‘एसक्यूएम’ या नावाने तिच्यावर आधारलेली सोय मिळते. ती सुरू करून मर्यादा प्लॅनच्या ९० टक्क्यांवर ठेवली की कॉल स्थिर होतो. घरून काम करणाऱ्याने ‘मी यासाठी हजार रुपये जास्त देईन’ असं ठरवूनच दुकानात जावं.

शेवटची तपासणी अपडेटची. २०१६ साली मिराय नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. ब्रिटनमध्ये २०२४ पासून सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील हे कंपनीने जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण तो शोध स्वतः घ्यावा. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधीचं आहे ते बघा. दोन-तीन वर्षांत काहीच आलेलं नसेल तर तो राऊटर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नवा आणल्यावर अॅडमिनचा पासवर्ड बदला, वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए ३ चालत असेल तर तेच ठेवा आणि बटण दाबून जोडणी करणारं डब्ल्यूपीएस बंद करा.

आणि या दिवाळीत घराचं रंगकाम किंवा वायरिंग काढलं असेल, तर इलेक्ट्रिशियनला हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत एक वेगळा पाइप टाकून त्यातून कॅट ६ ची केबल ओढायला सांगा. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र ती नेऊ देऊ नका.