वाऱ्याच्या नगराची कैफियत

जपानी रॉक संगीताचा विषय निघाला, की आपल्याकडील चोखंदळ रसिकही बहुधा यलो मॅजिक ऑर्केस्ट्रापाशी येऊन थांबतात. आणि तिचा संस्थापक हारुओमी होसोनो हा त्यापूर्वी, ऐन विशीत, ‘हॅपी एंड’ नावाच्या चौघांच्या वृंदात बास वाजवीत होता, ही वार्ता त्यांच्या कानी आलेली नसते. 2003 च्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटाने या वृंदाचे एक गीत देशोदेशी नेले खरे. परंतु ते ज्या ध्वनिमुद्रिकेतले, ती ‘काझेमाची रोमान’ जपानबाहेर उपेक्षितच राहिली.

ही ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर 1971 मध्ये यूआरसी, म्हणजे अंडरग्राउंड रेकॉर्ड क्लब, या छोट्या स्वतंत्र संस्थेने काढली. नामांकित कंपन्या वादग्रस्त गीतांना कात्री लावीत, किंवा प्रसिद्धीच्या तोंडावर ती मागेच घेत. म्हणून 1969 मध्ये निघालेल्या या क्लबने आरंभी बाजाराचा मार्ग सोडून केवळ सभासदांना मुद्रिका देण्याची तजवीज केली होती.

वृंदाची बहुतेक गीते लिहिणारा ताकाशी मात्सुमोतो हा ड्रमवादक. त्याचे बालपण ज्या आओयामा भागात गेले, तेथील हमरस्ता 1964 च्या ऑलिंपिकसाठी रुंद करण्यात आला. निहोन्बाशीच्या ऐतिहासिक पुलावर तर त्याआधीच उन्नत द्रुतमार्गाचे छत चढले होते. आणि ज्या ट्रामगाड्यांतून अवघे टोकियो हिंडे, त्यांचे मार्ग एकामागून एक बंद होत चालले होते. सरकारदरबारी या स्थित्यंतराची नोंद प्रगती म्हणून झाली. मात्सुमोतोने मात्र आओयामा, शिबुया आणि अझाबू यांच्या त्रिकोणात आपल्या आठवणीतील शहर पुन्हा वसविले, त्याला ‘काझेमाची’, म्हणजे वाऱ्याचे नगर, असे नाव दिले, आणि त्याची कैफियत गीतांतून दाखल केली. मुद्रिकेचे वेष्टन उघडले, की आत ट्रामचेच चित्र दिसते.

कथानक असे या मुद्रिकेत नाही. लहान मुलांचा खेळ, उद्या ऊन पडेल की पाऊस हे पाहण्यासाठी पायातली खडाव भिरकावण्याची पोरांची रीत, उन्हाळ्यातील सुस्त दुपार, वादळ, अझाबूतील एक जुनी चढण, एवढ्याच सामग्रीवर ती उभी आहे. चित्रपटात गेलेले ‘काझे ओ आत्सुमेते’ हे गीत तर अगदी कमी साधनांचे: होसोनोचे गिटार, त्याचाच बास, त्याचाच ऑर्गन आणि मात्सुमोतोचे ड्रम, वृंदातील उरलेल्या एइइची ओताकी व शिगेरू सुझुकी या दोघांचा त्यात सहभागच नाही. धुक्यातून पहाटेची ट्राम समुद्र ओलांडताना दिसते, हे अद्भुत होसोनो अशा खालच्या, जवळजवळ बोलण्याच्या स्वरात सांगतो, की ऐकणाऱ्याला त्यात काही अघटित आहे हे कडवे सरल्यावर ध्यानी येते.

परंतु माझ्या मते या कृतीचे खरे मर्म आणखी एका विसंगतीत आहे. जुन्या टोकियोचा हा शोक ज्या सुरावटीत मांडला आहे, ती बफेलो स्प्रिंगफील्ड आणि जेम्स टेलर यांच्याकडून, म्हणजे थेट अमेरिकेकडून, आलेली. ज्या आधुनिकतेने ते नगर गिळले, तिच्याच पंगतीला बसून ही मंडळी नगराचे नाव काढतात. याची जाणीव त्यांना पुरेपूर होती. पाश्चात्त्य थाटाच्या छानछोकी तरुणाची टर उडविणारे एक गीत याच संचात आहे, आणि त्या थट्टेतून त्यांनी स्वतःलाही वगळलेले नाही. त्या काळी, रॉक जपानीत गावे की इंग्रजीत, असा कडाक्याचा वाद नियतकालिकांतून रंगला होता आणि रॉक गायक युया उचिदा इंग्रजीचा कैवार घेऊन उभा होता. व्यापाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे अगदीच अनाठायी नव्हते. कलेपुरता त्या वादाचा निकाल जपानीत गायलेल्या या मुद्रिकेने लावला.

तिसऱ्या मुद्रिकेसाठी 1972 मध्ये ही चौकडी लॉस एंजेलिसला गेली. तेथे अमेरिकी संगीतकार व्हॅन डाइक पार्क्सच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या अखेरच्या गीतात तिने अमेरिकेचा आणि जपानचा, दोहोंचा एकाच दमात निरोप घेतला, व ती मुद्रिका दुकानांत पोचण्यापूर्वीच वृंद विसर्जित केला.