घराच्या वाटेवरची अंकाई



संभाजीनगरहून नाशिकला यायला आता समृद्धी महामार्ग आहे. लग्न आटोपून तसंच झटकन घरी यायचं, असं पुतण्यानं ठरवलं होतं. पण निघायच्या आदल्या रात्री वन्सं म्हणाल्या, "मला जुन्या रस्त्यानं न्या. दिवस लागला तरी चालेल."

वन्सं चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पुढच्या महिन्यात त्या लेकाकडे बंगळुरूला कायमच्या जाणार. माहेर येवल्याचं. लहानपणी मनमाडला जाता-येता अंकाई-टंकाईचे जोडडोंगर कितीदा पाहिले, पण वर जाणं कधी झालं नाही. "शिखरजी दोनदा झालं, श्रवणबेळगोळ झालं, दाराशेजारचं तेवढं राहिलं," असं त्या म्हणाल्या. मग पुतण्यानं काही वाद घातला नाही.

वन्सं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि बाहेरचंही खात नाहीत. पौषातला दिवस, सूर्य सहा-सव्वासहाला मावळणार. म्हणून पहाटेच उठून दशम्या, दाण्याची चटणी, मुगाची कोरडी उसळ केली आणि गाळलेलं पाणी भरून घेतलं. हा डबा बरोबर असला की प्रवासात घाई करावी लागत नाही.

सकाळी पहिला थांबा वेरूळ. तिथल्या 34 लेण्यांपैकी शेवटची पाच, म्हणजे 30 ते 34, आपली आहेत. कैलास पाहून झालं की बरेच लोक परत फिरतात. आपली लेणी तिथून उत्तरेला जरा लांब आहेत, त्यामुळे ती राहून जातात. तुम्ही मात्र वयस्कर माणसं बरोबर असतील तर थेट तिकडेच जा आणि कैलास नंतर पाहा. मंगळवारी लेणी बंद असतात, तेही लक्षात ठेवा. 32 क्रमांकाची इंद्रसभा दुमजली आहे. तिथं अंगावर वेली चढलेले बाहुबली आहेत आणि आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. वन्सं तिच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

पुढे वैजापूरमार्गे येवला. पैठणीच्या दुकानांसमोर मी गाडी थांबवू दिली नाही, हे मुद्दाम सांगते! वन्संचं जुनं घर मात्र गाडीतूनच पाहिलं. तिथं आता तीन मजली इमारत आहे. त्या काहीच बोलल्या नाहीत.

येवल्याहून मनमाडच्या रस्त्याला लागलं की अंकाई गाव येतं. जैन लेणी टंकाईच्या बाजूला, गावाच्या अगदी वरच आहेत. किल्ला चढायची गरज नाही. पायऱ्या आहेत, पण उन्हाच्या आत जावं. आम्हाला दुपार झाली होती. वन्सं एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पुतण्याचा हात धरून, दहा-दहा पायऱ्यांवर थांबत चढल्या.

वर दारांच्या चौकटींवरचं कोरीवकाम पाहून मी थक्क झाले. छतावर दगडात कमळं उमललेली. वेरूळला सकाळी पाहिलेली अंबिका इथंही भेटली. पण पुष्कळ मूर्तींचे चेहरे झिजलेले, काहींचे हात तुटलेले. तिथं ना पुजारी, ना घंटा, ना दिवा.

माझ्या मनात आलं ते मी विचारलं. "वन्सं, खंडित मूर्तीची पूजा आपण करत नाही. मग इथं हात जोडायचे ते कोणाला?"

त्या खाली बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "णमोकार मंत्रात कुणा एकाचं नाव आहे का गं? एकाही तीर्थंकरांचं नाही. वंदन आहे ते गुणांना. चेहरा झिजला म्हणून गुण झिजतात का?" मग डोळे मिटून त्यांनी मंत्र म्हटला. आम्हीही म्हटला. पुतण्या, जो देवळात पाच मिनिटं टिकत नाही, तोही शेवटपर्यंत उभा होता.

आयुष्यभर मी दर्शन म्हणजे अभिषेक, अष्टद्रव्य, आरती असं धरून चालले. ते सगळं हवंच. पण त्या दुपारी हातात अक्षतांचा दाणाही नव्हता, तरी दर्शन कमी झालं असं वाटलं नाही.

मनमाडहून चांदवडला आलो तेव्हा साडेचार वाजले होते. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामाता याच गावातली. डोंगरावर आपलं लेणंही आहे, पण वन्संचे गुडघे आता नाही म्हणत होते. ते खालूनच वंदन करून सोडलं. सावलीत सतरंजी अंथरून पाचला जेवलो. वन्संनी दोन दशम्या खाल्ल्या, पाणी प्यायल्या आणि चौविहाराचं पच्चक्खाण घेतलं. तिथून नाशिक साठ-पासष्ट किलोमीटर. घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता, पण कुणालाच घाई नव्हती.

मैत्रिणींनो, यात्रेच्या बसचं तिकीट काढून आपण दूरदूर जातो, जावंच. पण म्हसरूळचं गजपंथ नाशिकच्या कितीजणींनी वर चढून पाहिलंय? जिथं पूजा होत नाही, तिथं आपण गेलो नाही तर आपलं म्हणून कोण जाणार? पुढच्या वेळी मनमाडकडे लग्नाला जाल तेव्हा दोन तास जास्त धरा आणि घरातलं वडीलधारं माणूस बरोबर घ्या. त्यांचे गुडघे चालतात तोवरच.