गोवर्धनची ठेव आणि द्राक्षाचा हंगाम

नाशिकला वाइनसाठी जाणाऱ्यांनी आधी पांडवलेणी चढावी, आणि तीही ऊन तापायच्या आत. दहाव्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर ब्राह्मी लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि ३,००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यातल्या २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणं मिळायची. हिशेब करून पाहा, एका नाण्याचाही फरक पडत नाही.

याच सासऱ्याच्या काळात भडोचच्या बंदरात परदेशी वाइन उतरत होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तिथल्या आयात मालात वाइन आहे, त्यातही पसंती इटलीच्या वाइनला. राजासाठी खास उंची वाइन यायची. ग्रंथातला तो राजा नहपानच, असं अनेक अभ्यासक मानतात.

लेणी उतरून गंगापूर रस्त्याला लागलो की धरणाच्या अलीकडे गोवर्धन गाव येतं. राजीव सामंत यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून १९९७ मध्ये इथल्या घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली. २००० मध्ये त्यांच्या ‘सुला’ वाइनची पहिली बाटली बाजारात आली. ज्या गावात विणकरांकडे ठेव ठेवली जायची, तिथे आज मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. मला हे फार आवडतं.

जायचं ते फेब्रुवारीत. युरोपात वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून त्याला कात्रीने वळण लावावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि मग थंडीच्या कोरड्या दिवसांत, गार रात्रींत घड पिकतो. शिराझचा घड हातात घेतला तर मणी लहान, काळेभोर, एकमेकांना घट्ट चिकटलेले. साल जाड, आत बिया. निफाडकडचा शेतकरी खायच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवतो. इथे मणी लहानच हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. तोडणीआधी एक मणी काचेवर पिळून, नळीसारखं यंत्र उजेडाकडे धरून साखर मोजतात. शेजारी उभं राहून तुम्हीही डोळा लावून पाहा.

जेवणाचं म्हणाल तर, काळ्या मसाल्याच्या मिसळीबरोबर रेड अजिबात नको. तिखटापुढे ती कडू लागते. थंडगार, किंचित गोडसर शेनिन ब्लां घ्या.

दुसरा दिवस मोकळा असेल तर गोदावरी-दारणेच्या संगमावरच्या जोगलटेंभीला जा. १९०६ मध्ये तिथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता.