बिऱ्हाडकरू

मेच्या अखेरीस भंडारदऱ्याला रतनवाडीच्या वाटेवर हिरडा, बेहडा, सादडा ही झाडे काजव्यांनी लखलखतात. पर्यटकांच्या गाड्यांचे दिवे त्या अंधाराची बरीच नासाडी करतात, पण तो वेगळा विषय. आपल्या कवितेने काजव्याला क्षणभंगुरतेच्या प्रतिमेत कोंडून ठेवले. प्रयोगशाळेने त्याला साक्षीदार केले. अमेरिकी काजव्याचे प्रकाश देणारे जनुक १९८५ साली वेगळे करण्यात आले. जनुकोपचारासाठी निर्धोक केलेल्या विषाणूला, म्हणजे वाहकाला, ते जोडून उंदराला टोचतात. वाहक जिथे पोहोचतो, तिथून मंद उजेड येतो आणि तो किती दिवस टिकतो, हेही कळते.

सोबत आलेल्या जीवशास्त्राच्या सहकाऱ्याने तिथेच ‘नॉन-इंटिग्रेटिंग’ला मराठी शब्द मागितला. ‘असमावेशी’ मला रुचेना. मी म्हटले, बिऱ्हाडकरू. जो वाहक आपले जनुक गुणसूत्रात कायमचे गुंफतो, तो घरजावई!

आम्ही भाषेची माणसे समरस होण्याला फार मानतो. परका शब्द मराठीत मुरला की आम्हांला समाधान. इथे मात्र मुरणे धोक्याचे ठरू शकते. फ्रान्समध्ये अशा उपचारानंतर काही बालकांना रक्ताचा कर्करोग झाला, हे २००२ पासून उघड होत गेले. गुंफण भलत्या जागी झाली होती. पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डमधला चिंपांझीचा एडिनोविषाणू बिऱ्हाडकरूच. लस आपली जनुके बदलील, ही २०२१ मधली भीती म्हणूनच अनाठायी होती.

बिऱ्हाडकरू किती दिवस राहील, हे मात्र घरावर अवलंबून. पेशी विभागत गेल्या की तो विरळ होतो, उंदरातला उजेड मावळतो. चेतापेशी सहसा विभागत नाहीत. म्हणून स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीच्या बाळांना एएव्ही या विषाणूतून दिलेले जनुक, बहुतांशी न गुंफताही, वर्षानुवर्षे काम करते. मात्रा एकच, पुढे शरीर त्या विषाणूला ओळखते, दार उघडत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी या एका मात्रेचे सुमारे १६ कोटी रुपये लोकवर्गणीतून उभे राहिले.

नंदुरबार-गडचिरोलीच्या सिकलसेलला हा पाहुणा उपयोगाचा नाही. रक्ताच्या मूळपेशी जन्मभर विभागतात. तिथे घरजावईच हवा, नाहीतर जनुकाचेच संपादन. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेने हे दोन्ही प्रकारचे उपचार मान्य केले. प्रत्येकाची किंमत २० लाख डॉलरांच्या वर होती, आणि पाड्यावरच्या मुलासाठी वर्गणीची हाक कुठवर पोहोचते, हे त्या रात्री आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारले नाही.